शालू रणपिसेने उघडलेलं मशीन

बिबवेवाडीत शालू रणपिसेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. एका अंगाला झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी. गिरणीचं पीठ मशिनांत जाऊ नये म्हणून तिने दाराला प्लास्टिकचा पडदा लावला आहे, तरी ते शिरायचं तिथे शिरतंच. रोज सकाळी दिवा लावल्यासारखं ब्लोअर लावून टेबल साफ करायचं, मग पहिलं मशीन उघडायचं, असा एकोणीस वर्षांचा शिरस्ता.

वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तारांच्या रंगांची भीती त्यांनीच तिची लहानपणी मोडली. मुलींच्या आयटीआयत तिने इलेक्ट्रॉनिक्स केलं, लग्नानंतर चार वर्षं एका कंपनीत सोल्डरिंगच्या लाइनवर काढली आणि मग नवऱ्याच्या, म्हणजे उत्तरेश्वरच्या, आग्रहाने गाळा घेतला. सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "मिस्त्री कधी येतील?" शालू म्हणायची, "आलेत," आणि स्क्रूड्रायव्हर उचलायची.

कुलूप पडलेली मशिनं हा तिच्या धंद्याचा मोठा भाग. कुणी पासवर्ड विसरलेलं, कुणी सेकंडहँड घेतलेलं, कुणाचा मुलगा परदेशी गेलेला. त्यासाठी तिने भिंतीवर पाटी लावली होती: "पासवर्ड विसरलो म्हटलेलं चालेल. दुसऱ्याचा विसरलो म्हटलेलं चालणार नाही." एकदा एक गृहस्थ फुलांचं स्टिकर लावलेला लॅपटॉप घेऊन आले. बायकोचा आहे, ती विसरली, म्हणाले. शालू म्हणाली, "मग त्यांनाच घेऊन या. दुकानाचा रस्ता नसतील विसरल्या." गृहस्थ पुन्हा आले नाहीत. घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा उत्तरेश्वर मटार सोलत बसला होता. तो इतका हसला की निम्मे दाणे खाली सांडले.

उत्तरेश्वर एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघायचा. आलेल्या पत्राला नंबर द्यायचा, गेलेल्या पत्राला नंबर द्यायचा. माणूस मवाळ, बोलणं कमी, खाण्याची आवड दांडगी. घरी त्याचं स्वतःचं एक मशीन होतं, शालूनेच दोन हजार अकरा साली सुटे भाग जमवून बांधून दिलेलं. त्यावर तो रविवारी एक काम करायचा. त्याची आई सोजरबाई बार्शीकडची. तिला जात्यावरची गाणी शेकड्यांनी यायची. काही माहेरची, काही भीमाची, काही तिने स्वतःच बांधलेली. ती खाटेवर बसून सांगायची, तो टाइप करायचा. तिचं वय चौऱ्याऐंशी. अलीकडे ती सकाळी काय खाल्लं ते विसरायची, गाणी मात्र विसरायची नाही. पण आता गाणीही हळूहळू निसटू लागली होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात, सकाळी पावणेदहाला, स्वारगेटच्या बस थांब्यावर उत्तरेश्वर खाली बसला तो बसलाच. एका कंडक्टरने त्याच्या फोनवरून शालूला फोन लावला. ती पोहोचली तेव्हा त्याचा डबा कुणीतरी नीट बाकावर ठेवलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय.

शालू रडली नाही. पुण्यानुमोदनाला सगळी भावकी आली, विहारातल्या बायका आल्या. प्रत्येकीने तिला जवळ घेतलं आणि प्रत्येकीला वाटलं, आता फुटेल. ती फुटली नाही. चहा किती कपांचा टाकायचा ते तीच सांगत होती. सहाव्या दिवशी तिने दुकान उघडलं. लोक काय म्हणतील हे तिच्या लक्षात आलं, पण लक्षात येणं आणि वाटणं यांतलं अंतर त्या दिवसांत फार वाढलं होतं. हात काम करत होते. बारीक पायांची चिप ती पहिल्यासारखीच बसवत होती. एकदा ती मुद्दाम स्वारगेटला गेली, तो ज्या बाकाजवळ बसला होता तिथे उभी राहिली. काही होतं का बघावं म्हणून थांबली. काही झालं नाही. तिची बस आली, ती चढली, घरी आली आणि कुकर लावला.

दिवाळी झाल्यावर सोजरबाईने गाण्यांची आठवण काढली. विहारातल्या बायका त्या गाण्यांची पुस्तिका काढायच्या विचारात होत्या, उत्तरेश्वरने त्यांना तसा शब्द दिला होता. पण सोजरबाईचं कारण वेगळं होतं.

"मला येत नाहीत गं आता," ती शालूला म्हणाली. "एक ओळ येती, दुसरी जाती. त्यानं लिवून ठिवल्यात. वाचून दाव."

शालूने त्या दिवशी, सहा महिन्यांनी, उत्तरेश्वरचं मशीन चालू केलं. विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर एक चौकट आली. पासवर्ड टाका.

ती उभी होती, खुर्ची ओढून बसली. हे कुलूप तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. विंडोजचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी. ती पाच मिनिटांत निघते, परत लावता येते, धन्याला पत्ता लागत नाही. हा पासवर्ड बोर्डाच्या आतला, बायोसचा. तो काढायचा म्हणजे बोर्डाची सगळी सेटिंग पुसून टाकायची. एकदा पुसला की जसाच्या तसा परत घालता येत नाही. म्हणजे कुणी उघडलं तर धन्याला कळणारच. हा फरक उत्तरेश्वरला तिनेच जेवताना कधीतरी सांगितला होता. त्याने तो ऐकून घेतला होता आणि वापरला होता.

तिने चार-पाच शब्द टाकून पाहिले. मुलीचं नाव, आईचं नाव, स्वतःचं नाव. मशीन अडून बसलं. तिने ते बंद केलं आणि वर कापड टाकलं.

खरं तर डिस्क काढून दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावली असती तरी गाणी मिळाली असती. वैष्णवीने तेच सुचवलं. वैष्णवी त्यांची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची, खराडीला एका कंपनीत कामाला. पण शालूला ते कौलं काढून घरात उतरल्यासारखं वाटलं. उघडायचं तर दारातून उघडायचं, असं ती म्हणाली, आणि पुढचे तीन आठवडे तिने काहीच केलं नाही. सोजरबाई रोज विचारायची. शालू रोज म्हणायची, रविवारी.

शेवटी एका रविवारी सकाळी तिने दुकानातली पेटी घरी आणली. जमिनीवर जुनी चादर अंथरली, मशीन आडवं ठेवलं, वायर काढली. वायर काढल्यावर चालू करायचं बटण दाबून धरलं, त्याने आत उरलीसुरली वीज निघून जाते. मग बाजूचा पत्रा उघडला. आत गिरणीचं पीठ नव्हतं, घरची धूळ होती. ब्रशने तिने ती हळू झटकली. वैष्णवी शेजारी मांडी घालून बसली होती.

बोर्डावर रुपयाएवढा सेल असतो. मशीन बंद असताना बोर्डाला वेळ आणि सेटिंग लक्षात राहावी म्हणून तो असतो. त्याच्या शेजारी तीन बारीक पिना आणि त्यातल्या दोहोंवर एक निळी टोपी. ती टोपी उचलून पुढच्या दोन पिनांवर बसवली, थोडा वेळ थांबलं, की बोर्ड सगळं विसरतो. दोन मिनिटांचं काम.

"थांब," वैष्णवी म्हणाली. "तुझ्याकडे तो चिमटा आहे ना, चिप रीड करायचा? पुसायच्या आधी रीड कर. पासवर्ड काय होता ते कळेल तरी."

ते बरोबर होतं. इतक्या जुन्या बोर्डात पासवर्ड फारसा लपवलेला नसतो. चिमटा पेटीतच होता.

"वाचायचा नसतो," शालू म्हणाली.

"का?"

"लोकांचा मी वाचत नाही. पुसते."

"बाबा लोक आहेत का?"

शालूने पेटीतून छोटी पकड काढली. तिने चिमट्याकडे पाहिलं. तो शब्द काय असेल याचं तिला कुतूहल वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं, आणि नसताना वाचणं तिला बरं वाटेना. तिने सेल काढून चादरीवर ठेवला. छोट्या पकडीने निळी टोपी उचलली, पुढच्या पिनांवर बसवली. मनातल्या मनात साठ आकडे मोजले, मग आणखी साठ. टोपी जागेवर. जुना सेल टाकून नवा घातला. तो शब्द जगातून गेला. वैष्णवी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मशीन चालू झालं. सेटिंग हरवल्या आहेत, पुढे जायला अमुक बटण दाबा, असं पडद्यावर आलं. तारीख एक जानेवारी दोन हजार दहा. शालूने आजची तारीख घातली. विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळा पडदा येऊन मशीन परत पहिल्यापासून सुरू झालं. दोनदा तसंच झालं. दुसरं कुणी असतं तर डिस्क गेली म्हणून घाबरलं असतं. पुसताना बोर्ड डिस्कशी बोलायची पद्धतही विसरला होता, एवढंच. तिने सेटिंगमध्ये जाऊन ती पहिल्यासारखी केली. तिसऱ्या वेळी मशीन नीट उघडलं आणि पडद्यावर वैष्णवीचा दहावीचा फोटो आला.

गाण्यांचं फोल्डर समोरच होतं. तीनशे बारा गाणी, प्रत्येकाला नंबर. त्याच्या खाली आणखी दोन फोल्डर होती. एकाचं नाव 'आवक', दुसऱ्याचं 'जावक'.

आवकमध्ये सात कागद होते, स्कॅन करून ठेवलेले, एक ते सात. पहिला छातीचा आलेख. दुसरा एका दवाखान्याचा, त्यावर लिहिलं होतं की अँजिओग्राफी लवकरात लवकर करून घ्यावी. तिसरा दुसऱ्या दवाखान्याचा, तेच सांगणारा. पुढचे गोळ्यांचे. पहिल्या कागदावरची तारीख तो जाण्याच्या अडीच वर्षं आधीची होती.

जावक रिकामं होतं.

शालूने सातही कागद क्रमाने वाचले, एखाद्या गिऱ्हाइकाच्या मशीनचा दोष शोधावा तसे. तिसऱ्या कागदाची तारीख तिला ओळखीची वाटली. त्या संध्याकाळी ती दोघं कात्रजला मामेबहिणीच्या नातवाच्या बारशाला गेली होती. त्याने गुलाबजाम दोनदा वाढून घेतले होते. ती त्याचा त्या दिवशीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करू लागली. शर्ट आठवला, वाटी आठवली. चेहरा आला नाही.

तिने वैष्णवीला हाक मारली. वैष्णवीने वाचलं आणि ती जमिनीवरच बसून रडू लागली. मग रडता रडता संतापली. "अडीच वर्षं. आपण याच घरात होतो. तू त्यांना डबा देत होतीस, पोळीला तूप लावून. एक वर्ड बोलले नाहीत." शालू तिच्या पाठीवर हात ठेवून होती. हात आपला आहे हे तिला माहीत होतं.

"तुला काहीच वाटत नाही का, आई?"

शालूने खरोखर विचार केला. "वाटेल," ती म्हणाली.

आतल्या खोलीत सोजरबाईला सगळं ऐकू गेलं होतं. शालू चहा घेऊन गेली. सासूला ती आत्या म्हणते. कप हातात देताना म्हातारीने वर न बघता विचारलं, "घावलं का कागद?"

शालू कप धरून उभी राहिली. मग तिने तो खिडकीत ठेवला.

"आत्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"एक दिस पायऱ्या चढून आला आन् माझ्या खाटंवर बसला. घामानं भिजल्याला. तवा सांगितलं. तुला सांगू नगं म्हनला."

"का?"

"त्याच्या बाला असंच कापायला नेलं व्हतं सोलापूरला. चालत गेला, चौघांनी आनला. ह्यो नऊ वर्साचा व्हता. त्याला ठावं, तू एकदा धरलंस की सोडनार न्हाईस. त्याला उचलून नेला असतास."

"नेलाच असता."

"व्हय," सोजरबाई म्हणाली. "म्हनून."

पदर सारखा करत ती पुन्हा म्हणाली, "मी माय हाय. मी बी भ्याले. मला वाटलं, न्हाई कापलं तर ऱ्हाईल."

शालूने चहा परत तिच्या हातात दिला आणि ती बाहेर आली. त्यानंतर तीन दिवस ती सासूशी बोलली नाही. भाकरी वेळेवर वाढली, औषध दिलं, आंघोळीचं पाणी काढलं. बोलली फक्त नाही. हा राग होता का, हे तिला सांगता आलं नसतं. वैष्णवी मात्र आजीच्या खोलीत गेलीच नाही. ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून ती दोन रात्री मैत्रिणीकडे राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानाला सुट्टी होती. म्हातारी खाटेवर बसून एकच ओळ पुन:पुन्हा म्हणत होती. जोंधळ्याचं पीठ, पीठ पडतं भुईवरी. पुढचं येत नव्हतं. ती थांबायची, ओठ हलवायची आणि परत तिथूनच सुरू करायची. शालूने स्वयंपाकघरातून ते सात-आठ वेळा ऐकलं. मग हात पुसून मशीन चालू केलं. आता कुठली चौकट आली नाही. एकशे चाळीसच्या आसपास ते गाणं सापडलं आणि तिने खोलीकडे तोंड करून मोठ्याने वाचलं,

"लेक माझा शाळंमंदी, पाटी त्याच्या मांडीवरी."

आत खाट करकरली. मग सोजरबाईचा आवाज आला, "मांडीवरी न्हाई, मांडीयेरी. त्यानं चुकीचं लिवलंय."

"मग तुम्ही नीट सांगा. मी दुरुस्त करते," शालू म्हणाली.

तेव्हापासून रविवारचं ते काम शालूकडे आलं. तिचा टायपिंगचा हात उत्तरेश्वरइतका चालत नव्हता. म्हातारी एखाद्या शब्दावर अडून बसायची, शालू दुसऱ्या शब्दावर. महिन्याभराने वैष्णवीही येऊन बसू लागली. आजीशी ती पहिल्यासारखी बोलत नव्हती, पण शुद्धलेखन बघून द्यायची. फेब्रुवारीत विहाराने पुस्तिका काढली. 'गाणी: सोजरबाई रणपिसे, लेखन: उत्तरेश्वर रणपिसे' असं आत छापलं. शालूचं नाव घालू का, असं बायकांनी विचारलं होतं. तिने नको म्हटलं.

विहारात छोटा कार्यक्रम झाला. सोजरबाईला खुर्चीवर बसवून नेलं होतं. दोघे-तिघे उत्तरेश्वरबद्दल बोलले. एकजण म्हणाले, असा माणूस होणे नाही, आयुष्यात कधी कुणाला त्रास दिला नाही, जातानासुद्धा दिला नाही. मग कुणीतरी शालूला दोन शब्द बोलायला उभं केलं. ती कधीच बोलत नसे, त्यामुळे आभार मानून बसेल असं सगळ्यांना वाटलं.

"त्यांनी त्रास दिला," ती म्हणाली. माइक तिच्या तोंडापासून लांब होता, वैष्णवीने येऊन तो जवळ केला. "ते आजारी होते. अडीच वर्षं त्यांना माहीत होतं. आम्हाला बोलले नाहीत. घाबरले होते. घाबरण्यात काही गैर नाही. पण तुमच्यापैकी कुणी असा कागद लपवून ठेवला असेल, तर घरी सांगा. आज सांगा. मागे राहिलेल्या माणसाला नंतर तो उघडावा लागतो."

एवढं बोलून ती बसली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. सोजरबाई समोर बघत होती. शालूचे पाय लटलट कापत होते. तिने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. मे महिन्यापासून असं पहिल्यांदाच काही झालं होतं आणि ते नेमकं शंभर लोकांत झालं, याची तिला लाज वाटली.

भावकीतल्या काहीजणांना ते आवडलं नाही. मेलेल्या माणसाचं कुणी असं चव्हाट्यावर मांडतं का, असा निरोप आला. शालूने तो ऐकून घेतला.

पुढच्या आठवड्यात दुकानासमोर एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला समाधान, चाळिशीचा, विहारात येणारा. पडदा बाजूला सारून तो आत आला आणि टेबलापाशी नुसता उभा राहिला.

"मशीन कुठंय?" शालूने विचारलं.

"मशीन नाही आणलं, ताई." त्याने खाकी शर्टाच्या आतून एक घडी घातलेला लिफाफा काढला. घामाने तो मऊ पडला होता. "डिसेंबरपासून सीटखाली ठेवलाय."

"घरी सांगितलं?"

त्याने मान हलवली. नाही.

शालूने सोल्डरिंग गन बंद केली. उघडं मशीन होतं त्यावर फडकं टाकलं. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, कुणी आलं तर तासाभराने या म्हणावं. शटर अर्ध्यावर ओढलं आणि ती रिक्षात मागे बसली. अप्पर इंदिरानगरचा चढ रिक्षा पहिल्या गिअरमध्ये चढली. घराशी आल्यावर समाधान रिक्षातून उतरेना. हँडल धरून बसून राहिला. तेव्हा तीच आधी उतरली, दाराची कडी वाजवली, आणि आतून त्याच्या बायकोची पावलं येईपर्यंत त्याच्याकडे बघत तिथेच उभी राहिली.